इन्सुलेशनचे आकडे वाचताना या चुका टाळा

इन्सुलेशनच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराच्या शीटवर छापलेला आकडा खरा असतो, माल चांगला असतो, तरीही खोली तापते किंवा भिंतीला बुरशी धरते. अशा वेळी बहुतेकदा एकच गोष्ट राहून गेलेली असते: तो आकडा नेमका कशाचा आहे, हे कुणी विचारलेलं नसतं. काही आकडे नुसत्या पदार्थाचे असतात, काही ठरावीक जाडीच्या शीटचे, तर काही अख्ख्या भिंतीचे.

के, आर आणि यू यांची सरमिसळ

के-व्हॅल्यू, म्हणजेच लॅम्डा, पदार्थातून उष्णता किती सहज जाते ते सांगते. तिचा जाडीशी संबंध नाही आणि ती जितकी कमी तितकं चांगलं. थर्माकोलची ती साधारण ०.०३५ ते ०.०४०, एक्सपीएसची (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन फोम) ०.०३० ते ०.०३५ आणि पफची (पॉलियुरेथेन फोम) ०.०२२ ते ०.०२८ असते.

आर-व्हॅल्यू ठरावीक जाडीच्या शीटचा उष्णतेला होणारा विरोध दाखवते. मीटरमधल्या जाडीला के-व्हॅल्यूने भागायचं. ०.०३२ के-व्हॅल्यूचं ५० मिमी एक्सपीएस घेतलं तर आर येतो १.५६. हा आकडा जास्त असलेला बरा.

यू-व्हॅल्यू भिंतीची किंवा छताची असते. प्लास्टर, वीट, इन्सुलेशन आणि दोन्ही पृष्ठभागांना लागून असलेले हवेचे पातळ थर, या सगळ्यांच्या आरची बेरीज करून १ ला तिने भागलं की यू मिळतो, आणि तो कमी हवा. नुसत्या शीटच्या जाहिरातीत यू-व्हॅल्यू दिसली तर ती कोणत्या भिंतीसाठी काढली आहे, एवढं जरूर विचारा. उत्तर नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा.

आणखी एक फसगत एककांची. अमेरिकी पद्धतीचा आर मेट्रिक आरच्या ५.६८ पट असतो. वरचीच शीट एका माहितीपत्रकात १.५६ आणि दुसऱ्यात ८.९ अशी दिसू शकते. दोन कंपन्यांची तुलना करताना आधी के-व्हॅल्यू आणि जाडी घेऊन स्वतः भागाकार करा.

आरची सरासरी काढणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा, छत १०० चौरस मीटरचं आहे. ९५ चौरस मीटरवर आर ४ मिळाला, पण बीमच्या कडा आणि माळ्याचं झाकण धरून ५ चौरस मीटर उघडे राहिले. तिथे आर ०.४. सरासरी काढली तर ३.८२ येते आणि सगळ्यांचं समाधान होतं. उष्णता मात्र यूच्या हिशेबाने जाते. मोठ्या भागातून दर अंशाच्या फरकाला २३.७५ वॅट आणि त्या ५ चौरस मीटरमधून १२.५ वॅट. म्हणजे छताचा विसावा हिस्सा एक तृतीयांशाहून जास्त उष्णता वाहून नेतो आणि अख्ख्या छताचा खरा आर २.७६ वर येतो.

आता उपाय पाहा. मोठ्या भागावरचा थर दुप्पट जाड केला तर ११.९ वॅट वाचतात. फक्त उघडे ५ चौरस मीटर नीट झाकले तर ११.२५. जाडी वाढवायचा विचार मनात आला की आधी कडा तपासा.

अशा उघड्या वाटेला थर्मल ब्रिज म्हणतात. पोलादाची के-व्हॅल्यू साधारण ५० असते, एक्सपीएसच्या सुमारे दीड हजार पट. पोलादी चौकटींच्या मधल्या जागेत इन्सुलेशन भरलं आणि चौकटी तशाच सोडल्या, तर थंडीत भिंतीवर ठरावीक अंतराने काळसर उभे पट्टे उमटू शकतात. चौकटींवरून सलग थर गेला तरच हे थांबतं.

चमकता कागद कुठेही चिकटवणं

रेडियंट बॅरिअर, म्हणजे हा चमकता कागद, किरणांनी येणारी उष्णता अडवतो, आणि त्यासाठी चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी लागते. दोन थरांमध्ये दाबून बसवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा उपयोग जवळपास शून्य. फॉइलवर धूळ साचली तरी गुण उतरतो, म्हणून छताखाली चकचकीत बाजू खाली तोंड करून लावणं बरं.

व्हेपर बॅरिअर चुकीच्या बाजूला

व्हेपर बॅरिअर, म्हणजे वाफ अडवणारा पडदा, भिंतीच्या उबदार, दमट बाजूला हवा. थंड प्रदेशात ती बाजू आतली असते. उष्ण, दमट हवेतल्या एसीच्या इमारतीत ती बाहेरची. बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, २४ अंशांच्या आसपास असतो. एसीने आतला पृष्ठभाग २२ अंशांवर आला आणि त्यावर प्लॅस्टिकचा किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर असेल, तर बाहेरून येणारी वाफ त्याच्या मागेच पाणी होऊन साचते. वॉलपेपर फुगणं, कुबट वास आणि मागे बुरशी, ही त्याची लक्षणं. पुन्हा रंग लावून हे जात नाही. आतला थर काढून भिंतीला आतल्या बाजूने सुकू द्यावं लागतं.

एअर बॅरिअर, म्हणजे हवेची ये-जा रोखणारा पडदा, हे वेगळं काम आहे. वाफेच्या पडद्याला बारीक छिद्र पडलं तर फार बिघडत नाही, कारण झिरपणारी वाफ क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. हवेच्या पडद्यातली फट मात्र भरपूर ओलावा आत ओढते. वायरी, पाइप आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची जागा आधी बंद करा.

जाड भिंत म्हणजे इन्सुलेशन

२३० मिमीच्या विटांच्या भिंतीचा आर जेमतेम ०.३ भरतो, म्हणजे सुमारे १० मिमी एक्सपीएसएवढा. तरी दुपारी ती भिंत गार लागते, कारण ती उष्णता साठवून काही तासांनी आत सोडते. हा थर्मल मास. संध्याकाळनंतर खोली तापत असेल तर विटांची जाडी वाढवू नका, इन्सुलेशन बाहेरच्या बाजूने लावा.

घनता आणि कोंबाकोंबी

जड माल म्हणजे चांगला माल हा समज सोडा. घनता प्रामुख्याने मजबुतीसाठी पाहायची. ग्लासवूलचा, म्हणजे काचेच्या तंतूंच्या लोकरीचा गुण तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत आहे. १५० मिमीचं ब्लँकेट १०० मिमीच्या पोकळीत कोंबलं तर पाकिटावरचा आर मिळत नाही, कारण तो पूर्ण फुललेल्या जाडीचा असतो. पोकळी मोजा आणि त्याच जाडीचं ब्लँकेट घ्या.