वाहन कंपन्यांच्या ऑफिसात भाड्याच्या कुंड्यांचं काम कसं मिळवाल?

नाशिकमध्ये महिंद्राचा गाड्यांचा कारखाना आहे, बॉश आहे, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग करणारी लहानमोठी युनिटं सातपूर, अंबडपासून गोंदे, सिन्नरपर्यंत पसरलेली आहेत. इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून सेन्सर, कंट्रोलर, वायरिंगवाल्यांची ऑफिसंही चकाचक होऊ लागलीत. नर्सरीवाल्याला ही चांगली संधी आहे. फक्त एक पक्कं समजून घ्या: या लोकांना झाडं हवी असतात, झाडांची कटकट नको असते. तुम्ही विकायची आहेत ती बिनकटकटीची झाडं.

आधी योग्य माणूस गाठा. एचआर मॅडम गोड बोलतात, चहा पाजतात, पण ऑर्डर बहुतेकदा ॲडमिन किंवा फॅसिलिटीवाल्यांच्या हातात असते, आणि दर ठरवताना परचेस, म्हणजे खरेदी विभाग, मध्ये येतो. मोठ्या कंपन्यांत हाऊसकीपिंगचा ठेका बाहेरच्या एजन्सीकडे असतो. तिथे एजन्सीच्या सुपरवायझरला भेटा, सब-कॉन्ट्रॅक्ट मिळू शकतं. 5 जूनच्या पर्यावरण दिनाला सगळे नर्सरीवाले एकदम रांगेत उभे राहतात. तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्येच जा, कारण नव्या वर्षाचं बजेट तेव्हा ठरत असतं.

भेटीला माहितीपत्रक नेण्याऐवजी जागा बघू द्या म्हणा. मोबाइलमधलं लक्स (उजेडाचं माप) मोजायचं ॲप उघडून खिडकीपाशी, केबिनमध्ये, कॉरिडॉरमध्ये उजेड मोजा. अंधाऱ्या केबिनला स्नेक प्लांट किंवा झीझी, खिडकीजवळ रबर प्लांट, रिसेप्शनला अरेका. तुम्ही उजेड मोजताय हे पाहूनच समोरचा इंजिनिअर कान टवकारतो. त्याला आकडा आवडतो.

आता एक गोष्ट अजिबात सांगू नका: ‘चार कुंड्या ठेवा, हवा शुद्ध होईल.’ हा समज 1989 च्या नासाच्या प्रयोगातून आला, पण तो प्रयोग छोट्या बंद पेटीतला होता. 2019 मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असं निघालं. म्हणजे बसायला जागाच उरणार नाही. एखादा क्वालिटीवाला हे वाचून बसलेला असला की तुमचा सगळा प्रस्ताव संशयास्पद ठरतो. ‘ऑफिस प्रसन्न दिसेल, पाहुण्यांवर छाप पडेल’ एवढं म्हणा, ते खरं आहे.

कुठे कुंडी ठेवणार नाही, हेही स्वतःहून सांगा. सर्किट बोर्ड जोडतात तिथे आणि पेंट शॉपमध्ये मातीचा कण चालत नाही. ऑफिसातल्या कुंड्यांनाही मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरा आणि बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडाभरात तयार होतात, आणि सेफ्टीवाल्यांचं त्यावर बारीक लक्ष असतं. ‘दर आठवड्याला बशा कोरड्या करणार’ ही ओळ कोटेशनमध्येच लिहा.

भाडं कुंडीमागे महिन्याच्या हिशेबाने लावा. त्यात पाणी, खत, पानं पुसणं आणि सुकलेलं झाड बदलून देणं धरा. झाडं आळीपाळीने नर्सरीत विश्रांतीला आणावी लागतात, म्हणून चाळीस कुंड्यांच्या कामाला पन्नासएक झाडं तयार हवीत. नवखे इथेच तोट्यात जातात.

खरी परीक्षा गेटवर असते. माझ्या पहिल्याच कामात मी चाळीस कुंड्या आत नेल्या आणि गेटवरच्या नोंदीत ‘रिटर्नेबल’, म्हणजे परत बाहेर न्यायचा माल, असं लिहून घ्यायला विसरलो. महिन्याने सहा झाडं पिवळी पडली, बदलायला गेलो तर सिक्युरिटी म्हणाली, ‘साहेब, हा कंपनीचा माल आहे, बाहेर जाणार नाही.’ नवी सहा झाडं टेम्पोत उन्हात, मेलेली सहा आत एसीत. पास मिळेपर्यंत चार वाजले आणि टेम्पोतल्या अग्लोनेमाची पानं पापडासारखी झाली. तेव्हापासून प्रत्येक कुंडीला नंबर आणि प्रत्येक फेरीला रिटर्नेबल गेट पास. सोबतच्या माणसांचे आधार, ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) कागद आणि सेफ्टी शूज तयार ठेवा. डिझाइन विभागात मोबाइल कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. तिथे लावलेल्या कुंड्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा मोह आवरा, नाहीतर काम जाईल.

पैसे वेळेवर मिळावेत म्हणून उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या आणि बिलावर तो नंबर छापा. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकतं करावं लागतं. भांडून नव्हे, नम्रपणे आठवण करून द्यायला तो नंबर पुरतो.

खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी न बोलावता माणूस पाठवून सगळी पानं पुसून घ्या, आणि कुंडीच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, नर्सरीच्या नावाचं छोटं स्टिकर लावा. पूजेला आलेला व्हेंडर, म्हणजे कंपनीला माल पुरवणारा, कुंडी फिरवून बघतो.