करडीच्या पाकळ्यांतून गुलाबी आणि जांभळा रंग

करडीचं फूल पिवळं-केशरी, मग त्यातून गुलाबी निघतो कसा? पाकळीत रंग दोन असतात. पिवळा भरपूर, आणि साध्या पाण्यात सुटणारा. तांबडा शेकडा एक भागही नाही, आणि तो साध्या पाण्याला दाद देत नाही. सगळी कृती या दोघांना वेगळं करण्याची.

फूल लालसर पडून सुकू लागलं की पाकळ्या खुडाव्यात. दाण्याला धक्का लागत नाही. वावरात भल्या सकाळी जा, दवाने काटे नरम असतात. पाकळ्या सावलीत वाळवा.

१०० ग्रॅम सुती कापडाला तेवढ्याच वजनाच्या वाळल्या पाकळ्या घ्या. कोऱ्या कापडाची खळ आधी उकळून काढा.

पाकळ्यांची सैल पुरचुंडी रात्रभर थंड पाण्यात भिजवा. सकाळी पाणी बदलत पिळत राहा. हे काम कंटाळवाणं खरं, पण पिवळं पाणी येणं थांबेपर्यंत सोडू नका. इथे घाई केली की पुढे रंग मळका येतो.

आता स्टीलच्या पातेल्यात २ लिटर थंड पाणी आणि २० ग्रॅम धुण्याचा सोडा घ्या. पुरचुंडी त्यात अर्धा तास चोळा. पाणी गाळून लिंबाचा रस थोडाथोडा घाला. ते फसफसतं, आणि विटकरी पाणी डोळ्यांदेखत लालबुंद होतं. सात-आठ लिंबं सहज लागतात. फेस थांबला की ओलं कापड रात्रभर बुडवून ठेवा. तुरटी नको, आच तर मुळीच नको. उष्णतेने हा रंग मरतो. त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम काढूच नये. कोशाच्या, म्हणजे रेशमी, कापडावर उरलासुरला पिवळाही चढतो, म्हणून गुलाबीला नारिंगी झाक येते.

जांभळ्यासाठी कापड आधी खऱ्या निळीत फिकं निळं रंगवा, खळखळून धुवा, मग करडीत बुडवा. क्रम उलटा केलात तर निळीच्या कुंडातला क्षार गुलाबी खाऊन टाकतो. पांढऱ्या कपड्यांना लावायची दुकानातली नीळ इथे चालत नाही.

साबणानेही हा रंग उतरतो, उन्हात विटतो. सणावारी नेसायच्या कापडालाच तो ठीक. नेहमीच्या वापराला पळसावरची लाख बरी: तुरटीने किरमिजी-गुलाबी, चिमूटभर हिराकसाने (लोखंडाच्या क्षाराने) जांभळट. ती मात्र कोशावर छान चढते, सुतावर फिकी पडते.