लँडलाईनवरचं नेट रखडतंय? राऊटर बदलायच्या आधी घरातली फोनची वायर बघा

जिथे फायबर अजून आलेलं नाही तिथे आजही तांब्याच्या टेलिफोन लाईनवरच ब्रॉडबँड चालतं, आणि नेट स्लो झालं की लोक सगळ्यात आधी नवीन राऊटर घेऊन येतात. प्लीज, जरा थांबा. घरात हॉलमध्ये एक, बेडरूममध्ये एक असे पॅरलल फोन असतील तर दुखणं बरेचदा त्या वायरिंगमध्येच असतं आणि ते शोधायला एक साधा फोन नि थोडा वेळ पुरतो.

आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट मॉडेमला (म्हणजे ज्या डबीत फोनची वायर जाते तिला, बरेचदा राऊटर त्यातच असतो) लावून स्पीड बघा. केबलवर नीट चालतंय आणि मोबाईलवर नाही, तर लाईन ठीक आहे, वाय-फायचा प्रॉब्लेम आहे, पुढचं वाचायची गरज नाही.

केबलवरही रडत असेल तर फोनकडे वळा. एकाच तारेच्या जोडीवरून दोन गोष्टी जात असतात, आपलं बोलणं साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये आणि नेट त्याच्या खूप वर, २५ किलोहर्ट्झपासून थेट २.२ मेगाहर्ट्झपर्यंत (एडीएसएल २+ या प्रकारचं कनेक्शन असेल तर). या दोघांना वेगळं ठेवायचं काम ती छोटी पांढरी डबी करते, स्प्लिटर. त्यावर लाईन, फोन आणि मॉडेम अशी तीन भोकं असतात. आता होतं काय, मॉडेमजवळ स्प्लिटर लावलेला असतो पण बेडरूमच्या फोनची वायर त्याच्या आधीच कुठेतरी फोडून नेलेली असते, म्हणजे तो फोन फिल्टरशिवाय सरळ लाईनवर बसलेला, आणि मग रिंग वाजली किंवा रिसीव्हर उचलला की नेट गेलं! असं होत असेल तर एकतर सगळे फोन स्प्लिटरच्या फोनवाल्या भोकातूनच पुढे न्या, नाहीतर प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर (नेटचा सिग्नल फोनपासून अडवणारी छोटी डबी) लावा. कॉर्डलेसचा बेस, फॅक्स, जुनी कॉलर आयडीची डबी हे पण त्यातच धरा, ही डबी तर हमखास विसरली जाते.

खरी टेस्ट अशी करायची. बाहेरची वायर घरात शिरते तिथला पहिला बॉक्स शोधा, घरातलं फोनलाईनवरचं सगळं, अगदी सगळं काढा, आतल्या खोल्यांकडे जाणारी वायरसुद्धा, आणि फक्त मॉडेम आखूड वायरने तिथे लावा, स्प्लिटर नको. (पाऊस-विजांच्या वेळी हे करू नका, आणि उघड्या तारांना हात लावू नका, रिंग येते तेव्हा त्यात चांगला झटका बसण्याइतका व्होल्टेज असतो.) मग ब्राउझरमध्ये मॉडेमचं पान उघडा, बऱ्याच मॉडेमला १९२.१६८.१.१, तिथे डीएसएल स्टेटसमध्ये एसएनआर मार्जिन (लाईनवरच्या खरखरीच्या तुलनेत सिग्नलला किती मोकळीक उरलीय ते), अटेन्युएशन (वाटेत सिग्नल किती कमी झाला ते) आणि लाईनचा स्पीड दिसेल, ते कागदावर लिहा. मार्जिन ६ डेसिबलच्या खाली असेल तर लाईन सारखी तुटणार, १० च्या वर असेल तर निवांत. अटेन्युएशन मुख्यतः एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर असतं, ते ६० डेसिबलच्या आसपास असेल तर घरात कितीही उलथापालथ केली तरी मोठा फरक पडणार नाही. आता एकेक वस्तू परत जोडा आणि दरवेळी आकडे बघा. जी जोडल्यावर मार्जिन धाडकन पडलं तीच चोर. स्प्लिटर लावल्यावरच पडलं तर स्प्लिटर खराब, तो स्वस्तात मिळतो.

वायरचं पण बघा. भिंतीकडेने पंधरा मीटर नेलेली चपटी टेलिफोन वायर लाईटच्या वायरसोबत एकाच पट्टीतून गेली असेल तर ती विजेच्या वायरचा नॉइज (सिग्नल बिघडवणारा अडथळा) ओढून घेणारच, तिच्याऐवजी पीळ दिलेली जोडी वापरा आणि मॉडेम शक्यतो पहिल्या बॉक्सजवळच ठेवा, लांबवायची तर लॅन केबल लांबवा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर हे पण त्रास देतात. शोधायला जुना रेडिओ मस्त कामाला येतो कारण आकाशवाणीचा मिडियम वेव्ह बँड नेटच्याच फ्रिक्वेन्सीत बसतो, स्टेशन नसलेल्या जागी लावून घरभर फिरवा, जिथे खरखर वाढेल तिथली वस्तू बंद करून बघा. हे हसण्यावारी नेऊ नका, वेल्समधल्या अबरहोसन गावात एका घरातला जुना टीव्ही रोज सकाळी सातला चालू व्हायचा आणि अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड झोपायचं, केबल बदलूनही काही होईना, कारण सापडायला दीड वर्ष गेलं आणि २०२० मध्ये ते उघड झालं.

सगळं काढूनही पहिल्या बॉक्सवर मार्जिन कमीच असेल तर दोष बाहेर आहे. तिथे साधा फोन लावा, एकच आकडा दाबा, डायल टोन थांबेल, मग कान देऊन ऐका. शांतता हवी. खरखर येत असेल तर कुठेतरी जॉइंट गंजलाय, पावसाळ्यात हे फार होतं. तक्रार करताना नुसतं "नेट स्लो आहे" सांगू नका, "घरातलं सगळं काढून पहिल्या बॉक्सवर मार्जिन एवढं आहे आणि फोनवर खरखर आहे" असं सांगा. लाइनमन आला की डीपी बॉक्समधला (जिथून घराघरात लाईन वाटली जाते तो बाहेरचा बॉक्स) आणि खांबावरचा जॉइंट नव्याने करून घ्या, तरी सुधारलं नाही तर पेअर (आपल्या लाईनची तारांची जोडी) बदलून मागा, आणि तो जायच्या आत मॉडेमच्या पानावरचे आकडे त्याच्यासमोरच परत बघा.