जुनी लेथ घेताना रंग नाही, बेड बघा

जळगावच्या एमआयडीसीत दालमिल, चटई, पाइप असे कारखाने असल्याने जुनी लेथ (लोखंड फिरवून कातायचं मशीन) शोधत फार हिंडावं लागत नाही. घरच्या शेडला साडेचार फुटी बेडची पुरते. माझं मत विचाराल तर दालमिलच्या मेंटेनन्स खोलीतली बघा, एखादा शाफ्ट बिघडला तरच ती चालते. जॉबवर्कवाल्याची दिवसभर झिजलेली असते.

"भाऊ, आताच कलर मारलाय" असं ऐकलं की मी आधी बॅटरी काढतो. रंगाखाली लांबी (पुट्टी) असते आणि तिच्याखाली कधी कधी तडा.

आता बेड, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो लांब पाया. इथेच मी फसलो. पहिल्या वेळी चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) फिरवला, आवाज गोड वाटला, पैसे मोजले. घरी सहा इंचाचा शाफ्ट काढला तर एक टोक जाड, एक बारीक. आखूड जॉब चकाजवळच होतात, म्हणून बेड तिथेच झिजतो. बेड ग्राइंडिंग करून सरळ करायच्या खर्चाचा आकडा ऐकला आणि गप्प बसलो.

तेव्हापासून असं करतो: सॅडल (बेडवर सरकणारा, टूल धरणारा भाग) चकाजवळ आणायचा, त्याचा लॉक बोल्ट हाताला जड लागेल एवढाच आवळायचा आणि चाक फिरवत टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) न्यायचा. मध्येच अडकला तर चकाकडचा बेड झिजलाय, पुढचा शाबूत आहे. दुकानदार म्हणेल, "बोल्ट ढिला करा ना." करू नका.

मग चाळीस एमएमचा बार चकात धरून, टेलस्टॉक न लावता, हलका कट घ्या. दीडशे एमएम अंतरावर दोन ठिकाणी मायक्रोमीटर लावा. दोन शतांश एमएमचा फरक मला चालतो, पाच शतांशच्या वर मी परत फिरतो. मात्र बेडची लेव्हल चुकली किंवा हेडस्टॉक (चक फिरवणारा डबा) हलला तरी असाच फरक येतो, म्हणून आधी सॅडलची परीक्षा. लेथ चालू करून दाखवत नसतील तर चहा घ्या आणि निघा.

स्पिंडलचा (चक ज्यावर बसतो त्या शाफ्टचा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायला चकात पाइप घालून वर-खाली रेटा, डायल गेज लावून. गिअर सगळे घालून बघा.

मोटर बहुतेक थ्री फेज असते. घरात सिंगल फेज असेल तर व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह) लागेल, आणि त्याआधी मोटरची जोडणी डेल्टात करता येते का, हे वायरमनला विचारा.

उचलताना सॅडल टेलस्टॉककडे सरकवून तोल साधा. पट्टा बेडखालून घ्या. लीड स्क्रूला (आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूला) साखळी अडकवणाऱ्या हायड्रा क्रेनवाल्याला तिथेच थांबवा, स्क्रू वाकला तर आटे पाडायचं विसरा.