‘स्पॉटलाइट’ मराठीत लिहिताना

‘स्पॉटलाइट’साठी मराठीत ‘प्रकाशझोत’ हा शब्द चांगला रुळला आहे. तो नेमका कुठे वापरावा हे ठरवण्यापूर्वी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात चाललेली एखाद्या एकांकिकेची रंगीत तालीम डोळ्यांसमोर आणावी. सभागृहात काळोख असतो, वरच्या दिव्यातून उतरलेला झोत रंगमंचावर उजेडाचे वर्तुळ पाडतो आणि नट अर्धे पाऊल चुकला, तर त्याचा कान लख्ख दिसतो, पण डोळे अंधारात राहतात. या चित्रातील दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: झोताला कड असते आणि तो कोणीतरी मुद्दाम वळवलेला असतो.

लाक्षणिक अर्थाने लिहितानाही याच दोन गोष्टी तपासाव्यात. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत गाजलेली एखादी अभिनेत्री ‘प्रकाशझोतात आली’ असे लिहिणे योग्य आहे, कारण अनेकांमधून तिच्या एकटीवर नजरा वळलेल्या असतात. दडवून ठेवलेला गैरव्यवहार मात्र ‘उजेडात येतो’. त्याला ‘प्रकाशझोतात’ आणले, की त्याचा सत्कार झाल्यासारखे वाटते. अवघड विषय समजावून सांगायचा असेल तर त्यावर नुसता ‘प्रकाश टाकावा’, आणि दुर्लक्षित प्रश्नाकडे लक्ष वेधायचे असेल तरच ‘प्रकाशझोत टाकावा’. बातम्यांत या दोहोंची सर्रास सरमिसळ होते.

‘लाइमलाइट’ याच अर्थाने येतो, पण त्याचा लिंबाशी काही संबंध नाही. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा तुकडा तापवून पांढराशुभ्र प्रकाश मिळवण्याची युक्ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात १८३७ मध्ये वापरली गेली आणि हा शब्द त्या चुन्यावरून पडला. मराठीत त्यासाठी ‘प्रसिद्धीचा झोत’ पुरेसा आहे. ‘झोत’ पाण्याचाही असतो, म्हणून संदर्भ स्पष्ट नसेल तर तो शब्द एकटा सोडू नये.

संवाद लिहिताना मात्र शुद्धतेचा हट्ट धरू नये. प्रकाशयोजनाकार पडद्यामागून ‘प्रकाशझोत द्या’ असे कधीही ओरडत नाही. तो ‘स्पॉट दे’ म्हणतो, आणि पात्राच्या तोंडी तेच ठेवावे.