गोड पदार्थांची मेजवानी, दगदगीविना
गोड पदार्थांच्या मेजवानीत यजमानाची दमछाक होते ती बहुधा पदार्थांच्या संख्येमुळे; तीन पदार्थ पुरेसे असतात, आणि त्यांतील दोन तरी पुडिंग किंवा चीजकेक यांसारखे निवडावेत, जे आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवल्याने अधिकच चांगले जमतात. तिसरा पदार्थ खुशाल विकत आणावा. त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. पुडिंग मोठ्या भांड्याऐवजी छोट्या वाट्यांतच सेट करावे, म्हणजे ऐन वेळी वाढण्याची धांदल उरत नाही. चीजकेक कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसावी आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा तसेच करावे. त्यामुळे तुकड्यांच्या कडा रेखीव येतात. दूध, क्रीम किंवा अंडी असलेले पदार्थ २ तासांपेक्षा जास्त वेळ फ्रिजबाहेर राहू नयेत, म्हणून ते एकदम न मांडता थोडे थोडे बाहेर काढावेत. सलग गोड खाल्ल्याने तोंडाला मिठी बसते, तेव्हा सोबत खारी बिस्किटे, आंबटसर फळे आणि भरपूर पाणी हवेच. सुकामेवा, अंडी किंवा दूध कोणाला चालत नाही, हे मात्र आमंत्रण देतानाच विचारून घ्यावे.