कळमन्यातील अडत्यासाठी संगणकप्रणाली लिहिताना

नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याच्या अडत्यासाठी, म्हणजे कमिशन घेऊन माल विकून देणाऱ्यासाठी, हिशेबाची प्रणाली लिहायची असेल, तर पहिल्या दिवशी संगणक उघडू नये. एक सकाळ लिलावात उभे राहून अडत्या, खरेदीदार आणि हमाल कोणत्या शब्दांत बोलतात ते वहीत टिपावे. ते ‘बोली’ आणि ‘पट्टी’ (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब) म्हणत असतील, तर पडद्यावरही तेच शब्द यावेत. ‘व्यवहार तपशील’ नव्हे. नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ त्रिग्वे रेन्सकॉग यांनी १९७९ साली झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (माहिती, तिचे पडद्यावरचे दर्शन आणि वापरणाऱ्याच्या सूचना हाताळणारा भाग वेगळे ठेवणारी) ही रचना मांडली, ती मुळात वापरणाऱ्याच्या मनातील चित्र आणि यंत्रातील चित्र यांमधले अंतर मिटवण्यासाठीच. पुढे बहुतेकांनी तिचे फाइलींचे तीन कप्पे केले आणि हेतू बाजूला पडला.

टिपणे हाती आली की प्रत्येक शब्दाला विचारावे: हे त्या माणसाचे कायमचे वर्णन आहे, की या सौद्यापुरते काम? नाव, गाव आणि बाकी ही माहिती झाली. ‘विकणारा’ आणि ‘घेणारा’ या भूमिका झाल्या. आपल्या बागेचा मृग बहार विकणारा शेतकरी संत्र्याच्या दुसऱ्या हंगामात, आंबिया बहारात, शेजाऱ्याचा माल घेऊन व्यापारही करतो. त्याची शेतकरी आणि व्यापारी अशी दोन वेगळी खाती काढली, तर “माझी बाकी किती?” या साध्या प्रश्नाला प्रणालीकडे दोन उत्तरे असतात आणि दोन्ही अपुरी.

म्हणून सौदा हाच संदर्भ धरावा. तो सुरू होताना कोण कोणती भूमिका घेणार ते ठरवावे, त्या भूमिकेचे वागणे सौद्याच्याच कोडमध्ये लिहावे, आणि सौदा मिटला की भूमिका उतरवून माणूस तेवढा ठेवावा. रेन्सकॉग आणि संगणकतज्ज्ञ जेम्स कोप्लिन यांनी ‘डेटा, कॉन्टेक्स्ट, इंटरॅक्शन’ (माहिती, संदर्भ, परस्परव्यवहार) या नावाने हीच पद्धत मांडली.

तिचा लाभ नियम बदलला की कळतो. २०१६ मध्ये राज्यात फळे-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. अडत सौद्यात एकाच ठिकाणी लिहिलेली असेल, तर ती विकणाऱ्याकडून काढून घेणाऱ्याकडे लावणे हे तासाभराचे काम आहे; ती दहा ठिकाणी विखुरलेली असेल, तर एखादी जुनी वजावट शेतकऱ्याच्या पट्टीत राहून जाते.

शेवटी मुनीमजींना शेजारी बसवून सौद्याचा कोड ओळीओळीने मराठीत सांगावा. “तोलाई झाली, पण हमाली कुठे आहे?” असे त्यांनी मध्येच विचारले, तर पडद्यावर नवा रकाना जोडण्याआधी सौद्यातच हमालाची भूमिका घालावी.